ओट्यावरची पाचवी चूल

गेल्या पावसाळ्यातली दुपार. आई कामावरून घरी आली तेव्हा जिन्यातच तिला गॅसचा वास आला. दार उघडलं तर आजी हॉलमध्ये टीव्हीसमोर निवांत. ओट्यावर दूध उतू गेलेलं, त्याने ज्योत विझलेली आणि शेगडीचं बटण तसंच चालू. आईने लाइटच्या एकाही बटणाला हात न लावता आधी खिडक्या उघडल्या, मग रेग्युलेटर बंद केला. त्यानंतर ती खाली फरशीवर बसली आणि दहा मिनिटं काहीच बोलली नाही.

"मला कुठे आला वास?" आजी म्हणाली. ती खरं सांगत होती. एलपीजीला स्वतःचा वास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं घाणेरड्या वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. म्हणजे ही सगळी सुरक्षा माणसाच्या नाकावर उभी आहे, आणि ऐंशीच्या घरात पोचलेल्या आजीचं नाक आता तेवढं काम करत नाही.

मी त्या दिवशी पुण्यात होतो. आईचा फोन आल्यावर मी तेच केलं जे माझ्यासारखा कुठलाही सॉफ्टवेअर इंजिनिअर करेल. एक्सेल शीट उघडली. डावीकडे पर्याय: नवी गॅस शेगडी, पाइपचा गॅस, इंडक्शन. वरच्या ओळीत रकाने: किंमत, महिन्याचा खर्च, लागणारा वेळ, सुरक्षितता. प्रत्येक रकान्याला गुण दिले, बेरीज केली. इंडक्शन पहिला आला. शनिवारी नाशिकला आलो आणि चहा पिताना निकाल जाहीर केला.

आजीने कप खाली ठेवला. "म्हणजे ठरलं? मला कधी सांगणार होतास?"

"आजी, तुझ्यासाठीच तर करतोय."

"माझ्यासाठीच करतात सगळे. ही पाचवी. आधीच्या चारांच्या वेळीही मला कोणी विचारलं नव्हतं."

पाचवी? मी मोजायला बसलो. मातीची चूल, भुशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह, गॅस आणि आता वीज. पुढचे दोन-तीन शनिवार-रविवार मी आजीला प्रश्न विचारत बसलो, आणि रात्री त्या-त्या काळाबद्दल वाचत बसलो. एका बाईच्या आयुष्यात पाच इंधनं. मला आधी कौतुक वाटलं ते वेगाचं. मग हळूहळू आजीचं वाक्य कळायला लागलं.

माती

आमच्या पिढीसाठी नाशिकमध्ये चूल उरली आहे ती हॉटेलच्या बोर्डावर. 'चुलीवरची मिसळ' खायला आपण गाडी काढून गावाबाहेर जातो, फोटो टाकतो, परत येतो. आजीचं माहेर निफाड तालुक्यातलं. तिला चुलीचं हे कौतुक अजिबात कळत नाही. "डोळे चुरचुरायला पैसे देता?" असं ती विचारते.

पण चुलीचं तंत्र तिला तोंडपाठ आहे. मुख्य चुलीशेजारी एक जास्तीचं तोंड असायचं, त्याला म्हणतात वैल. पुढे लाकूड जळतं, त्यावर तव्यात भाकरी होते. उरलेली धग आतल्या वाटेने वैलात जाते आणि तिथे ठेवलेलं वरण किंवा दूध मंद आचेवर होत राहतं. भाकरी तव्यावरून काढली की पुढच्या निखाऱ्यांना टेकवून फुगवायची. इंजिनिअरिंगला आम्हाला वाया जाणारी उष्णता परत वापरण्यावर एक अख्खा धडा होता. त्यात वैलाचं नाव नव्हतं.

भाषेतही चूल म्हणजे नुसती चूल नाही. भाऊ वेगळे झाले की 'वेगळी चूल मांडली'. अख्ख्या घराला जेवायला बोलावलं की ते 'चूलबंद आमंत्रण', कारण त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायचीच नाही. आणि बाईला घरात ठेवायचं तर 'चूल आणि मूल'. घराची गणती चुलीने व्हायची, पण चुलीसमोर बसणारीची गणती कुठेच व्हायची नाही.

त्या बसण्याची किंमत होती. उघड्या चुलीत लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा-सातवा हिस्सा भांड्याला लागतो, बाकी हवेत जातो, आणि अर्धवट जळलेल्या लाकडाचा धूर थेट नाकातोंडात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेला एक लेख प्रसिद्ध आहे. आयुष्यात कधी विडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही सीओपीडी हा फुफ्फुसांचा आजार होतो, आणि त्यामागे चुलीच्या धुराचा मोठा हात आहे, हे त्यांनी मांडलं. आजीची आई शेवटची काही वर्षं बसूनच झोपायची. आडवी झाली की दम लागायचा. तिने कधी तंबाखूलाही हात लावला नव्हता.

धूर कमी करायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीतून 'मगन चूल' आली. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो २००२ पर्यंत चालला आणि ३ कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी लवकरच पडून राहिल्या. कुठे घरातलं पातेलं चुलीच्या भोकावर नीट बसेना, कुठे धुरांडं तुंबलं ते कोणी साफ करेना. चूल बनवणारा आणि चूल वापरणारी यांची गाठच पडली नव्हती. आमच्या धंद्यात याला 'युजरशी न बोलता बनवलेलं प्रॉडक्ट' म्हणतात.

भुसा

१९६४ मध्ये आजी लग्न होऊन जुन्या नाशकात रविवार कारंज्याजवळच्या एका वाड्यात आली. आजोबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कामाला. वाड्यात दोन खोल्या, आणि मालकाची अट: भिंती काळ्या होतात, लाकडाची चूल चालणार नाही.

म्हणून भुशाची शेगडी. ही गोष्ट मला माहीतच नव्हती. पत्र्याचा डबा घ्यायचा, त्याला खाली एक भोक. मधोमध एक बाटली उभी धरायची आणि तिच्याभोवती वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा ठासून भरायचा. मग बाटली अलगद फिरवत वर काढायची. मधे जी पोकळी उरते तीच धुरांडं. खालून पेटवलं की भुसा आतल्या बाजूने हळूहळू जळत जातो. ठासणं सैल झालं तर भुसा मधेच ढासळतो आणि सगळा धूर.

या शेगडीची एकच अडचण. ती बंद करता येत नाही. एकदा पेटली की तीन-चार तास जळणारच. म्हणून सगळा स्वयंपाक तिच्या वेळापत्रकाने. धग जोरात आहे तोवर भाकऱ्या, मग भाजी, मग डाळ, शेवटी अंघोळीचं पाणी. पाहुणा अवेळी आला तर शेजारच्या शेगडीवर चहा. आजी सांगते की वाड्यातल्या बायका आपापल्या शेगड्या मुद्दाम वेगवेगळ्या वेळी पेटवायच्या, म्हणजे कोणाची ना कोणाची तरी पेटलेली असायची.

मी सर्व्हर सांभाळतो. एक पडला तर दुसरा चालू राहावा म्हणून आम्ही केवढी आखणी करतो. वाड्यात ती आखणी सात-आठ बायकांनी बोलता बोलता केली होती.

रॉकेल

मग आजोबांनी पितळी स्टोव्ह आणला. स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये बनवलेल्या प्रायमसची ही जात. टाकीत रॉकेल भरायचं, वरच्या बर्नरला काकड्याने गरम करायचं आणि पंप मारायचा. दाबाने रॉकेल तापलेल्या नळीत चढतं, तिथे त्याची वाफ होते आणि ती बारीक भोकातून जोरात बाहेर पडून निळी ज्योत देते. भोक तुंबलं की पिन मारायची. धूर नाही, राख नाही, हवा तेव्हा चालू, हवा तेव्हा बंद. भुशाच्या शेगडीनंतर हे केवढं मोठं सुख असेल! आजी अजूनही त्याच्या भर्रर्र आवाजाची नक्कल करून दाखवते.

पण रॉकेल वखारीत मिळत नव्हतं, ते रेशनवर मिळायचं. म्हणजे इंधनाबरोबर रांग आली. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईत हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. धान्य, तेल, साखर आणि रॉकेल मिळावं ही त्यांची मागणी होती. पुढच्याच वर्षी, १९७३ च्या ऑक्टोबरात, अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि जगभर तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. पश्चिम आशियातल्या युद्धाचा आणि नाशकातल्या वाड्यातल्या वरणाचा संबंध तेव्हा पहिल्यांदा जुळला. तो आजही तुटलेला नाही.

आजीच्या उजव्या हातावर कोपराखाली एक गुळगुळीत, किंचित फिकट पट्टा आहे. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचो. तो या स्टोव्हचा. वॉशर गेला होता, पंप मारताना भडका उडाला.

"मी वाचले," ती म्हणाली. "समोरच्या वाड्यातली सून गेली. स्टोव्ह भडकला म्हणून लिहिलं."

"म्हणून लिहिलं म्हणजे?"

"स्टोव्ह शेल्फावर होता. थंड."

एवढंच. त्यावर ती आणखी काही बोलली नाही. 'स्टोव्हचा भडका होऊन विवाहितेचा मृत्यू' ही ओळ त्या काळच्या वर्तमानपत्रांत इतकी नेहमीची होती की वाचणारे पान उलटून पुढे जायचे. स्त्री-संघटनांनी ती ओळ उलटू दिली नाही. त्या लढ्यातून १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आलं आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम ३०४-ब. स्वयंपाकाच्या एका साधनाचं नाव खुनाची ढाल म्हणून वापरलं गेलं, आणि ते थांबवायला कायदा बदलावा लागला. माझ्या शीटमध्ये 'सुरक्षितता' नावाचा रकाना होता. त्यात हे कुठे बसवणार होतो मी?

रॉकेलने नाशिक जिल्ह्यात आणखी एक बळी घेतला. गरिबाच्या स्टोव्हसाठी म्हणून रेशनचं रॉकेल स्वस्त, आणि डिझेल महाग. या दोन भावांमधल्या फरकावर एक काळा धंदा उभा राहिला. स्टोव्हसाठी आलेलं रॉकेल डिझेलमध्ये मिसळून विकायचा. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. त्याच परिसरात २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना असाच भेसळीचा प्रकार दिसला. ते गाडी थांबवून चौकशीला गेले आणि तिथे त्यांना जिवंत जाळण्यात आलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. मी तेव्हा शाळेत होतो. झेंडावंदनाला सर बोलता बोलता गप्प झाले, एवढं आठवतं. पुढे रेशनच्या रॉकेलचं अनुदान थोडं थोडं कमी करत २०२० च्या सुमारास शून्यावर आणलं गेलं.

गॅस

भारतात स्वयंपाकाचा सिलिंडर पहिल्यांदा आला तो मुंबईत, १९५५ मध्ये. बर्मा-शेल कंपनीचा 'बर्शेन'. जुन्या लोकांच्या तोंडात अजून हे नाव आहे. 'इंडेन' १९६५ मध्ये कोलकात्यात सुरू झाला. सत्तरच्या दशकात एस्सो आणि बर्मा-शेल या कंपन्या सरकारच्या ताब्यात आल्या आणि त्यांतून पुढे आजचे एचपी आणि भारत गॅस उभे राहिले.

पण गॅस असणं आणि गॅस मिळणं यात बरंच अंतर होतं. 'नंबर लावला आहे' या वाक्यात माणसं वर्षानुवर्षं थांबायची. खासदारांना रांग ओलांडून कनेक्शन देण्यासाठी कूपनं मिळायची, आणि लग्नात जावयाला गॅसचं कनेक्शन मिळवून देणारा सासरा मोठा समजला जायचा. आमच्याकडे गॅस १९८४ मध्ये आला. आजी वीस वर्षं धूर, भुसा आणि रॉकेल यांत काढून ओट्यासमोर पहिल्यांदा ताठ उभी राहिली. "पाठ सरळ झाली," असं ती म्हणते. चूल, शेगडी, स्टोव्ह, सगळं जमिनीवर बसून होतं. गॅसने बाईला उभं केलं.

कनेक्शन मात्र आजोबांच्या नावावर. रेशनकार्डावर गॅसचा शिक्का बसला आणि रॉकेलचा कोटा कापला गेला. तरी आजीने स्टोव्ह टाकला नाही. चिंध्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. सिलिंडर संपला आणि दुसरा यायला आठ दिवस लागले की तो खाली यायचा.

मला आठवतो तो २०१२ चा सप्टेंबर. सरकारने अनुदानाचे सिलिंडर वर्षाला ६ वर आणले. ओरड झाली, जानेवारी २०१३ मध्ये ते ९ झाले आणि वर्षभरात १२. त्या काळात आजोबा नवा सिलिंडर लावला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहायचे आणि लवकर संपला तर आजीला विचारायचे, "एवढा कसा गेला?" स्वयंपाक कमी झाला नव्हता, खाणारी तोंडं कमी झाली नव्हती. जाब मात्र ज्योत पेटवणारीला.

१ मे २०१६ रोजी बलियामध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातल्या बाईच्या स्वतःच्या नावावर गॅसचं कनेक्शन हा तिचा नियम. ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, ८ कोटीव्या कनेक्शनचा कार्यक्रम झाला. कागदावर बाईचं नाव येणं ही लहान गोष्ट नाही. आजीला ते कधी मिळालं नाही. आजोबा गेल्यावर आमचा गॅस बाबांच्या नावावर झाला.

त्याच वर्षी 'कॅग'च्या अहवालाने दुसरी बाजू दाखवली. उज्ज्वलाची घरं वर्षाला सरासरी ३ च्या आसपासच सिलिंडर घेत होती. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पेठ तालुक्यातल्या. गावी त्यांच्याकडे सिलिंडर आहे. चहाला, पाहुण्यांना आणि पावसात लाकूड ओलं असलं की गॅस, एरवी चूल. मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, "सिलिंडरला एकदम पैसे लागतात. मोळीला पाय लागतात." पाय त्यांचे स्वतःचे, म्हणून मोळी घरात फुकट धरली जाते.

वीज

इंडक्शनचं तंत्र सुंदर आहे. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला की वर ठेवलेल्या लोखंडी बुडाच्या भांड्यातच प्रवाह फिरू लागतात आणि भांडं स्वतः तापतं. ज्योत नाही. भांडं उचललं की तापवणं थांबतं. विसरलं तर यंत्र ठरलेल्या वेळी बंद पडतं. आमच्या घटनेवर याहून चांगलं उत्तर नाही, असं मला वाटत होतं.

मग आजीने तिची भांडी ओट्यावर मांडली.

नाशिक हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरमध्येही या धंद्याची दखल आहे. भांडीबाजार आणि तांबट लेन ही नावं आजही जुन्या नाशकात आहेत. आजीचं सगळं तिथलं. तांब्याचा तपेला, कल्हई केलेली पितळी पातेली, वर ॲल्युमिनियमची कढई आणि खालून गोल असलेला पळा. मी एकेकाखाली लोहचुंबक धरत गेलो. एकालाही चिकटला नाही. तांबं आणि ॲल्युमिनियम विजेचे इतके चांगले वाहक आहेत की घरगुती इंडक्शनवर त्यांच्यात पुरेशी उष्णता तयारच होत नाही. सपाट बुडाचा एक लोखंडी तवा तेवढा पास झाला. माझ्या शीटमध्ये 'किंमत' या रकान्यात मी फक्त यंत्राची किंमत लिहिली होती. साठ वर्षांची भांडी बदलण्याची लिहिली नव्हती.

विजेवर आजीचा आणखी एक राग आहे, आणि तो रास्त आहे. नाशिकरोडच्या पलीकडे एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र १९७० च्या सुमारास सुरू झालं. आज तिथे २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्या चिमण्या लांबून दिसत असतानाही २००५ नंतरची सहा-सात वर्षं आम्ही लोडशेडिंगमध्ये काढली. शहरात काही तास, खेड्यात त्याच्या कितीतरी पट. मी दहावीचा अभ्यास इमर्जन्सी लॅम्पवर केला. आजी म्हणते, "दिव्याला वीज नव्हती, ती चुलीला देणार?"

आणि तो कोळसा. एकलहऱ्यात जाळलेल्या कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. म्हणजे इंडक्शनच्या स्वयंपाकघरात धूर नाही हे खरं, पण तो एकलहऱ्याच्या चिमणीतून निघतो. उलट गॅसचंही तसंच. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, बहुतेक आखातातून. तिकडे युद्धाची बातमी आली की इकडे कॅलेंडरवरच्या तारखा पुन्हा मोजाव्या लागतात. छतावरच्या सोलरचं प्रमाण वाढेल तसं विजेचं पारडं जड होत जाईल, याबद्दल मला शंका नाही. पण मला या दिवाळीआधी ठरवायचं होतं.

हिशेब

खर्चाचं गणित मी नव्याने मांडलं. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून देतो.

सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. एक किलो एलपीजीतून साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते आणि एक युनिट वीज म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे एका सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांची ऊर्जा. पण ज्योतीची बरीच धग पातेल्याच्या कडेने वर निघून जाते. मानकाप्रमाणे शेगडीची कार्यक्षमता निदान ६८ टक्के हवी. घरातली लहान पातेली आणि मोठी ज्योत लक्षात घेऊन मी ६० धरली. इंडक्शनची ८५ धरली. उत्तर येतं १२७, आपण १३० धरू. म्हणजे एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर सुमारे १३० युनिटांत होतो.

आता सिलिंडरचा भाव भागिले १३० करा. येणारा आकडा तुमच्या विजेच्या युनिटच्या दरापेक्षा जास्त असेल तर इंडक्शन स्वस्त. पण दर कुठला घ्यायचा? आपल्याकडे घरगुती विजेचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. हे १३० युनिट आधीच्या वापरावर चढतात, म्हणून दर घ्यायचा तो त्या वरच्या टप्प्याचा, वहन आकार आणि वीज शुल्क धरून. महिन्याला ९० युनिट वापरणारं घर आणि ३२० वापरणारं घर यांची उत्तरं म्हणूनच वेगळी येतात. आणि २००० वॉटचं यंत्र साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवू नका, त्याला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो.

आमच्या घराचं उत्तर जवळजवळ बरोबरीत आलं. पैशांनी निर्णय दिला नाही.

मग मी तो प्रश्न विचारला जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. "आजी, तुला काय हवंय?"

तिचं उत्तर तयार होतं. बहुतेक बऱ्याच वर्षांपासून. "एक ज्योत हवी. भाकरी फुगवायला, वांगं भाजायला. बाकी तुझ्या त्या काचेवर करा. आणि त्या काचेला फिरवायचं बटण असलेली आण. पीठ लागलेल्या बोटाने ते टकटक मला जमत नाही, आकडे दिसत नाहीत."

"पण ज्योत विझली तर?"

"मग विझल्यावर गॅस बंद होईल असं काही कर ना. इंजिनिअर आहेस."

असं काही आहे. बर्नरशेजारी थर्मोकपल नावाची लहानशी काडी असते. ज्योतीने ती तापलेली असते तोवर तिच्यात किंचित वीज तयार होते आणि ती एक व्हॉल्व्ह उघडा धरते. ज्योत विझली, काडी थंड झाली की व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. ना बॅटरी, ना सॉफ्टवेअर, ना कोणाचं नाक. हे तंत्र नवं नाही, आणि बाजारात अशा शेगड्या मिळतात. माझ्या शीटमध्ये मात्र हा पर्यायच नव्हता, कारण मी प्रश्न 'गॅस की वीज' असा घातला होता. आजीने तो 'काय काय करायचं असतं' असा घातला.

दिवाळीच्या आधी दोन बर्नरची तशी शेगडी बसली. शेजारी फिरत्या बटणाची इंडक्शन, तिच्यासाठी वेगळा पॉइंट. गॅसचं पुस्तक आजीच्या नावावर करायचा अर्ज बाबांनी भरला. तीन सपाट बुडाची स्टीलची पातेली आणली. तपेला आणि पितळी भांडी कल्हई करून घेतली, ती ज्योतीच्या बाजूला. शीटमध्ये मी एक रकाना वाढवला, 'वापरणारीचं मत', आणि तो सगळ्यात आधी ठेवला.

फिटिंगवाला गेल्यावर आजीने स्वतः परीक्षा घेतली. बर्नर पेटवला, वाकून फुंकर मारून विझवला आणि मोठ्याने आकडे मोजत उभी राहिली. बाविसाव्या आकड्याला आतून 'टक्' असा आवाज आला. तिने पुन्हा पेटवला, पुन्हा विझवला, पुन्हा मोजलं. पुन्हा बावीस.

"बरी आहे," ती म्हणाली, आणि बाजरीचं पीठ काढायला डब्याकडे वळली. "तोवर तू त्या काचेवर चहा ठेव."